चव्वेचाळीस बोअर

“बाईंचा हात बघू जरा,” अप्पा आमच्या मालकांना म्हणाले.

हात माझा आणि विचारणा मालकांना! मालकांनीही माझं मनगट धरलं आणि बाजारात भोपळा ठेवावा तसा माझा हात काउंटरच्या काचेवर ठेवला. मी तो काढून घेतला आणि मग माझा मी परत ठेवला.

“अप्पा, लायसन माझ्या नावावर हाय,” मी म्हटलं. “माझ्याशी बोला की वो. मला काय वाचा नाही?”

अप्पा ओशाळले. गुरुशांत अप्पा म्हणजे सोलापुरातले जुने बंदूकवाले. कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा, बोलणं देवळातल्या पुजाऱ्यासारखं मऊ. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाईक म्हणून पुरुषच बघितलेले. त्यांना तरी काय बोल लावायचा? गावात मला सरपंच कोण म्हणत होतं? जागा बायकांना राखीव झाली, मालकांनी माझा अर्ज भरला, निवडून मी आले आणि हार मालकांच्या गळ्यात पडला. सगळं गाव त्यांनाच ‘सरपंच’ म्हणायचं आणि मला ‘सरपंचाची मंडळी’. पुढं एका ठरावावर मी सही करायला नाही म्हटलं, तेव्हा लोकांना कळलं की सही शालन मासाळची लागते. मालकांनाही तेव्हाच कळलं.

तो ठराव वाळूचा होता. आमचं गाव भीमेच्या काठावर, आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर नदीच्या पात्रातच, एका अंगाला. वाळूतनं गाळून गाळून पाणी यायचं तिच्यात. इतकं गोड पाणी की पाव्हणे जाताना बाटली भरून न्यायचे. वाळू गेली की विहीर गेली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण शेजारच्या गावचा नवनाथ म्हणून एक वाळूवाला होता, त्याला नेमका विहिरीलगतचाच पट्टा पाहिजे होता. त्याला पंचायतीची ना-हरकत लागत होती, मी दिली नाही. त्यानं चोरून उपसा सुरू केला, तर मी तहसीलदारांना घेऊन गेले आणि त्याचे ट्रक धरून दिले. मग आमच्या घरावर दगड आले. मग कुत्र्याला विष घातलं. मग मी पंचायतीतनं घरी येताना एक जीप अंगावर आली, ओढ्यात उडी टाकली म्हणून वाचले. आणि वर निरोप, ‘बाईला वाळूतच गाडू, हुडकून सापडायची न्हाई.’ कलेक्टर मॅडमच म्हणाल्या, सरपंचबाई, अर्ज करा, लायसन देते. असं ते लायसन.

“हे बोट असं का?” अप्पांनी विचारलं. आता मला विचारलं.

“कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेलं होतं. शिवलं, पण वाकत नाही.”

उजव्या हाताचं पहिलं बोट. अप्पांनी सरकारी कारखान्याचं नवंकोरं रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं आणि चाप ओढायला सांगितलं. मी सगळा जीव लावला. नळी छताकडं गेली, पंख्याकडं गेली, अप्पांच्या कपाळाकडं गेली, पण चाप काही हलेना.

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या,” अप्पा खाली वाकत म्हणाले. “नव्या मालाचा चाप जड असतोय. तुम्हाला जुनं पाहिजे, सिंगल ॲक्शन. त्यात दर वेळी घोडा अंगठ्यानं मागं ओढायचा. एकदा घोडा चढला की चाप नुसता टेकला तरी उडतंय. धार काढता नव्हं?”

“दोन म्हशींची.”

“मग अंगठा भक्कम असणार.”

त्यांनी मागच्या कपाटातनं दोन जुनी रिव्हॉल्व्हरं काढली आणि लाल फडक्यावर शेजारी शेजारी ठेवली. दिसायला थोरली-धाकटी बहीण. धाकटी बत्तीस बोअरची, थोरली चव्वेचाळीस. बोअर म्हणजे नळीचं तोंड केवढं, आणि त्यात जाणारं काडतूस केवढं, ते अप्पांनी मला बोटं जुळवून दाखवलं. मी बत्तीसचं उचललं. घोडा मागं ओढला, बोट न वाकवता चापाला टेकवलं. खट्. पुन्हा ओढला. खट्. हातात असं बसलं जसं काही माझ्यासाठीच बनवलं होतं. मला हसू आलं. इतके दिवस दार वाजलं तरी मी आधी कडी तपासायचे, आणि त्या खट् आवाजानं पहिल्यांदा वाटलं की चला, आता मीही कुणाला तरी घाबरवू शकते.

“हे घेते,” मी म्हटलं.

“बरोबर,” अप्पा म्हणाले. “बत्तीस बाईमाणसाला चांगलं. धक्का कमी बसतोय, आणि काडतुसं सरकारी कारखान्याची, कधीबी या—”

“ह्यॅ!” मालक मधेच बोलले. “सरपंचाच्या कमरेला खेळणं लावायचं का? लोक हसतील. ते थोरलं दाखवा.”

त्यांनी चव्वेचाळीसचं उचललं आणि माझ्याकडं रोखलं. सहज हो, दाखवायला. त्या नळीचं तोंड बघून मी आपसूक एक पाऊल मागं सरले.

“बघितलंत अप्पा? लग्नाची बायकू मागं सरली,” मालक हसले. मग माझ्याकडं वळून जरा हळू म्हणाले, “शालन, ऐक. बत्तीस दाखवलं तर ते चालवावं लागंल. चव्वेचाळीस नुसतं दिसलं तरी पुरतंय. तुला कुणावर चालवायची पाळीच येऊ नये, एवढंच माझं म्हणणं. माणूस मारून तुला झोप लागंल का?”

“पण मालक,” अप्पा म्हणाले, “चव्वेचाळीसच्या काडतुसाचं मी तुम्हाला परवाच बोललो—”

“ते माझ्याकडं लागलं. मुंबईला आपला माणूस हाय, मागवतो.”

“परवा?” मी विचारलं. “तुम्ही परवा आला होता इथं?”

“कांदा घेऊन मार्केट यार्डात आलो होतो न्हवं, तवा डोकावलो. तुझ्या जिवाचा प्रश्न, आधी बघून ठेवायला नको?”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू! लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. मला पातळ घ्यायचं तर दुकानाच्या बाहेर तंबाखू मळत उभा राहणारा माणूस. तो माझ्यासाठी आधी येऊन, चौकशी करून, बोअर बघून गेला होता. सही प्रकरणापासून आमच्यात बोलणंही धड नव्हतं. मला वाटलं, राग गेला, काळजी उरली. मी धाकटी खाली ठेवली आणि थोरलीला हो म्हटलं. अप्पांनी एकदा मालकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि लायसनवर बोअर टाकायला चष्मा लावला.

येताना एसटी स्टँडवर मालकांनी मला भजी खाऊ घातली. ‘आणखी घे’ म्हणाले. पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि ते तिच्यावर हात फिरवत होते.

घरी आल्यावर तर काय विचारता! उंबऱ्यावर पाट मांडला, पाटावर रिव्हॉल्व्हर ठेवलं, त्याला माझ्या हातानं हळदीकुंकू वाहायला लावलं, नारळ फोडला. बघायला निम्मं गाव जमलं. मालक एकेकाला हातात देऊन दाखवत होते.

“चव्वेचाळीस हाय, चव्वेचाळीस! साधंसुधं न्हाई. विचारा कुणाला बी.”

पारावर गेले तिथं तेच. दूध डेअरीत गेले तिथं तेच. दाढी करायला बसले तर न्हाव्याला बोअर सांगून उठले. आमच्या पंचायतीचा शिपाई दस्तगीर मला म्हणाला, “बाई, मालकांनी बोअरची दवंडीच पिटायची बाकी ठेवलीय.” मी म्हटलं, पिटू दे की. जितकं पसरंल तितकं बरं. नवनाथच्या कानावर गेलं पाहिजे.

काडतुसं मात्र येईनात. विचारलं की मालक म्हणायचे, “मुंबईला निरोप दिलाय. बाहेरदेशी माल, वेळ लागतोय.” मग म्हणायचे, “तुला कुणी विचारलंय का भरलंय की मोकळं? दिसलं तरी पुरतंय.” आणि खरंच पुरत होतं. दगड बंद झाले. जीप दिसेना. पंचायतीत जाताना मी रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून न्यायचे आणि बैठकीत टेबलावर ठेवायचे. सदस्य मंडळी, जी मला कधी ‘बसा’ म्हणाली नव्हती, ती उठून खुर्ची द्यायला लागली. दुपारच्याला मी माळवदावर जाऊन घोडा ओढायचा सराव करायचे. अंगठ्याला घट्टा पडला. म्हशींना पहिल्यांदा त्या आवाजाची भीती वाटायची, मग त्याही सरावल्या.

चैत्रात नदी आटली. एका दुपारी दस्तगीर पळत आला, टोपी हातात, धापा टाकत.

“बाई, पोकलेन आलीय. विहिरीला लागूनच खांदायला लागलेत. नवनाथ सवता हाय.”

“तहसीलदारांना फोन लाव.”

“लावला. सायेब मीटिंगला गेलेत म्हणं.”

“पोलीस?”

“ते जीप न्हाई म्हणत्यात.”

“मालक कुठायत?”

“मळ्यात असतील. बघितलं, घावले न्हाईत.”

मी पिशवी उचलली आणि निघाले. पायात चप्पल नव्हती हे नदीत उतरल्यावर कळलं, वाळू अशी तापली होती की पाय ठेववेना. विहिरीवर पाण्याला आलेल्या आठ-दहा बाया घागरी कडेवर घेऊन नुसत्या उभ्या होत्या. पोकलेनचा तो लांब हात वाळूत जायचा, भरून वर यायचा, आणि प्रत्येक खेपेला विहिरीच्या कठड्यातनं बारीक माती गळायची. मी जाऊन कठड्यावर चढले.

“बंद कर!” मी ओरडले.

मशीनवाल्यानं बंद केलं. नवनाथ काठावरच्या लिंबाच्या सावलीला बसून फुटाणे खात होता. तो उठला, फुटाणे खिशात घातले, डोक्याचा टॉवेल काढला आणि जवळ येऊन वाकून कठड्याला हात लावला. म्हणजे माझ्या पाया पडला.

“आक्का, उन्हात कशाला आलाव? घरी जावा.”

“मशीन घिऊन निघ. न्हाईतर वाईट हुईल.”

“आक्का, मी गरिबीतनं वर आलोय. माझ्या पोटावर पाय देऊ नका.”

“तुझ्या पोटासाठी सगळं गाव तहानेनं मारू? निघ म्हणते ना!”

मी पिशवीतनं चव्वेचाळीसचं काढलं. दोन्ही हातांनी धरलं आणि अंगठ्यानं घोडा चढवला. मशीनवाला उडी मारून पळाला तो थेट काठावर. बायांनी घागरी टाकल्या. ट्रकवरची माणसं ट्रकामागं गेली. एवढ्या मोठ्या नदीत आवाज नाही. मला वाटलं, बरोबर बोलले मालक. दिसलं तरी पुरतंय.

नवनाथ मात्र हलला नाही. त्यानं मान जरा तिरकी केली.

“कुठलं बोअर, आक्का?”

“चव्वेचाळीस. लागलं तर उठायचा न्हाईस.”

“लागलं तर,” तो म्हणाला. “पर काडतूस कुठाय?”

“भरलंय.”

“न्हाई भरलं.” हे तो अगदी मायेनं म्हणाला हो, लेकराला समजवावं तसं. “आक्का, ह्या बोअरचं काडतूस आता मिळतच न्हाई. सोलापुरात न्हाई, मुंबईत न्हाई. त्या अप्पांनीच मालकांना सांगितलं. मालक म्हणले, मग हेच द्या.”

“तुला काय म्हाईत मालक काय म्हणले?”

“माझ्याच जीपमधनं गेले होते की सोलापूरला. मी भाईर गाडीत बसलो होतो. मालक भाईर येऊन म्हणले, बत्तीसचं काडतूस कुठं बी मिळतंय, चव्वेचाळीसचं न्हाई. मी म्हणलं, मग चव्वेचाळीस घ्या. आक्कांच्या हातात काय बी द्या, पर भरलेलं नको.” त्यानं टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळला. “तवापासनं दगड पडला का घरावर? न्हाई ना? शब्द म्हंजे शब्द.”

मला कांदा आठवला. भजी आठवली. उंबऱ्यावरचा पाट, कुंकू, ‘चव्वेचाळीस हाय, चव्वेचाळीस’. गावभर ती दवंडी नवनाथला भिववायला नव्हती, त्याला कळवायला होती. काम झालं म्हणून.

मी चाप दाबला. मोकळं आहे हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं, तरी दाबला. नीट त्याच्या छातीवर धरून. खट्. नवनाथचे डोळे मिटले आणि खांदे आक्रसले. मग त्यानं डोळे उघडले. चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढीच काय ती माझी आयुष्यभराची कमाई.

“दाबलात व्हय,” तो पुटपुटला. मग ओरडला, “ए, चालू कर रं मशीन!”

दस्तगीरनं मला हाताला धरून कठड्यावरनं उतरवलं. त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण माझ्या नव्हतं. बाया माझ्याकडं बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते. एक म्हातारी म्हणाली, “शालन, अगं मग आणलंस कशाला ते?” तिला काय सांगू? आम्ही काठावर जाऊन उभं राहिलो. सूर्य कलायच्या आत विहिरीचा नदीकडचा कठडा आत बसला, आणि मागोमाग सगळी विहीरच वाळूत बसली. धूळ उडाली. आवाज म्हणावा तसा काही झाला नाही.

मालक घरी जेवायला बसले होते. स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं होतं, असं वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. मी चव्वेचाळीसचं त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

“विहीर गेली,” मी म्हटलं.

“कळलं.”

“नवनाथ बोलला सगळं.”

त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली. पाणी प्याले. मग माझ्यावरच डाफरले.

“मग काय करायचं होतं? भरलेलं दिलं असतं तुला? तू चालवलं असतंस! आज चालवलंच ना? दस्तगीर सांगत होता. भरलेलं असतं तर तुला फाशी. आणि त्याला आधी कळलं असतं भरलंय म्हणून, तर त्यानं तुला तिथंच गाडली असती. जीव वाचिवला मी तुझा. उपकार ऱ्हायले बाजूला, वर तोंड घिऊन विचारतीस!”

आणि मेलं ह्याच्यात खोटं काय होतं? तेच तर मला आजवर उलगडत नाही. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी वाचले, हे तर दिसतंच आहे.

“आणि गाव काय पिणार?” मी विचारलं.

“टँकर येतोय की उद्यापासनं. तालुक्याला मंजूर करून आणलाय.”

“विहीर आज पडली. टँकर मंजूर कधी झाला?”

त्यांनी कालवणाची वाटी पुढं ओढली.

“कुणाचा टँकर?”

त्यांनी ताटात हात धुतला. धोतराला हात पुसला.

“आपलाच,” म्हणाले.

गोठ्यामागं ताडपत्रीखाली नवीन टाकी होती. मी समजत होते, शेततळ्याची आहे. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला जोडून मालकांनी ती देवळापुढं आणून लावली, आणि काल माझ्यासमोर घागरी टाकलेल्या बाया त्याच घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. टँकरच्या प्रत्येक खेपेवर सरपंचाची सही लागायची. केली. लोक तहानलेले उभे होते, काय करणार होते मी? उन्हाळाभर करत राहिले. ज्या सहीसाठी एवढं रामायण घडलं, ती सही मालकांनी अशी वसूल केली. पोलिसात जावं असंही मनात आलं. पण फौजदाराला सांगायचं काय? नवऱ्यानं मोठ्या बोअरचं घेऊन दिलं म्हणून तक्रार?

माहेरी भावाला सांगितलं. तो म्हणाला, “ताई, जीव वाचला ना, मग सोड आता.” वहिनी म्हणाली, “दाजींनी काळजीनंच केलं असंल.” मी चहा पिऊन परत आले.

पावसाळा सरल्यावर मी एकटी सोलापूरला गेले. लायसन माझ्या नावाचं, त्यामुळं बोअर बदलायलाही माझीच सही पुरे. कलेक्टर कचेरीत खेटे घालून ते काम केलं आणि मग अप्पांच्या दुकानाची पायरी चढले. ह्या खेपेला अप्पांनी माझ्यासाठी काउंटरशी खुर्ची मांडली. चव्वेचाळीसचं मी काचेवर ठेवलं.

“ह्याची काडतुसं मिळत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“होतं, बाई. मालकांना पुन्हा पुन्हा सांगितलं मी.”

“मला का नाही सांगितलंत?”

अप्पांनी चष्मा काढला. पुसला. “तुम्ही दोघं नवरा-बायकू,” ते म्हणाले. “मी मधे काय बोलणार?”

बरोबर आहे. नवरा-बायकोच्या मधे कोण बोलतं?

“हे परत घ्या. ती बत्तीसची धाकटी द्या मला.”

“ती विकली, बाई. दसऱ्यालाच गेली.” ते मागं जाऊन बराच वेळ कपाट धुंडाळत राहिले आणि एक बारकंसं रिव्हॉल्व्हर घेऊन आले. “सिंगल ॲक्शनमध्ये आता एवढं एकच हाय. बावीस बोअर. काडतुसं पाहिजे तितकी मिळतील. पण खरं सांगू का, हे लय हलकं. नदीवर वापरायचं म्हणत असाल तर मी देणार न्हाई. वाळूवाली माणसं लांबनं येतात, चालत्या गाडीतनं येतात. एकदा फसगत झाली तुमची, दुसऱ्यांदा माझ्या हातनं नको.”

मी ते उचललं. घोडा ओढला. हाताला हलकं लागलं, पण अंगठा बसला.

“आधी मला एवढं सांगा,” अप्पा म्हणाले. “माणूस किती लांब असणार? त्यावर बोअर ठरतंय.”

“एका अंथरुणावर जेवढा लांब असतो तेवढा,” मी म्हटलं.

अप्पांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. बाहेर रिक्षावाले भांडत होते, त्यांचा आवाज आत येत होता. अप्पांनी काचेखालनं काडतुसांची डबी काढली आणि माझ्यापुढं सरकवली.

“मग बावीस पुरतंय,” ते म्हणाले.

त्या दिवशी दिवेलागणीला मी घरी आले. मालक खाटेवर पाय पसरून बसले होते. त्यांच्यादेखत डबी फोडली, एकेक काडतूस घातलं आणि माझ्या उशीखाली ठेवलं. पाट मांडला नाही, कुंकू वाहिलं नाही. मालक बघत राहिले. बोअर कुठलं, हे काही त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळानं उठले, आपली वाकळ खांद्यावर टाकली आणि ओसरीवर जाऊन झोपले. अजून तिथंच झोपतात.